जावयाची बंडी

९ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद शेवटी देईन, तेही तोवर मनात आलं तर. आधीच सांगते, हे पत्र तुला आज मिळणार नाही. तुमच्या बंड्या सकाळी अंतराळ स्थानकावरून मालवाहू कॅप्सूलमधून खाली आल्या. त्या वाचून माझी सही होईपर्यंत वाचणाऱ्याने बंडी घालणाऱ्याशी एक शब्दही बोलायचा नाही, असा आमच्या वाचनकक्षाचा नियम आहे. नियम मीच केलेला आहे. तेव्हा लिहून खणात ठेवते, सही झाली की सगळी पत्रं एकदम देईन. तसं पाहिलं तर तू पाच वर्षं माझ्याशी बोललेली नाहीस, त्यामुळे हा नियम पाळणं मला जड जाऊ नये. जातंय, ही गोष्ट वेगळी.

पेटी मीच उघडली. बिनबाह्यांच्या पातळ बंड्या, प्रत्येकीला चार खिसे, छातीवर, पाठीवर आणि दोन्ही कुशींना. खिशात जाड्या मिठाच्या खड्याएवढे स्फटिक. तुला हे सगळं पाठ आहे, पण बाबा ही पत्रं वाचल्याशिवाय राहणार नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते. वर तुमच्या अंगातून जी किरणं आरपार जातात, त्यांचा थोडासा अंश हे खडे धरून ठेवतात. इथे आम्ही त्यांना तापवलं की ते धरलेलं सगळं मंद उजेड होऊन सोडून देतात. त्या उजेडावरून कळतं माणसाच्या अंगाने किती सोसलं. एकदा तापवला की खडा सगळं विसरतो, त्याला दुसऱ्यांदा विचारायची सोय नाही. म्हणून प्रत्येक खिशात दोन खडे असतात. एक मी वाचते, दुसरा माझे जोडीदार वाचतात. त्यांना सगळे चष्मेवाले म्हणतात, कारण एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर असताना ते तिसरा शोधत असतात.

चार बंड्या आल्या. तीन तुम्हा तिघांच्या आणि चौथी जावयाची. हे नाव तूच ठेवलंस म्हणे. प्लॅस्टिकचा पुतळा, हात नाहीत, पाय नाहीत, नुसतं डोकं आणि धड, आणि आत पोट, काळीज, फुप्फुसं असतात त्या त्या जागी स्फटिक पेरलेले. माणसाच्या आत किती किरणं पोचतात ते मोजायला वर पाठवलेला. काही काम करत नाही, बसून असतो, सगळ्यांनी त्याची सरबराई करायची. म्हणून जावई. आणि जावई म्हटल्यावर घरातली सगळ्यात चांगली खोली त्याला द्यायला नको का? तुझ्या झोपायच्या खणाला तूच चारी बाजूंनी पाण्याच्या पिशव्या लावून घेतल्यास, पाण्याने किरणं अडतात का बघू म्हणालीस. मग तपासायची वेळ आली तेव्हा त्यात जावयाला बसवलंस आणि स्वतः बाहेरच्या पातळ भिंतीला चिकटून पडवीत झोपायला लागलीस. हे मला बातम्यांतून कळलं. मोठेपणा करायची तुझी खोड जुनी आहे.

आता या वाचनावर काय अवलंबून आहे ते तुला आणि मला दोघींना माहीत आहे. माणसाने आयुष्यात किती किरणं सोसायची याला मर्यादा आहे, आणि तुझ्या वाटणीची बरीचशी पहिल्याच खेपेत संपली. या बंडीचा आकडा रेषेच्या खाली आला तर तू वर राहणार आणि पुढच्या महिन्यात स्थानकाची प्रमुख होणार. रेषेच्या वर गेला तर पुढच्या कॅप्सूलने खाली, आणि परत कधीही नाही.

मी साहेबांना आधीच म्हणाले होते, ही माझी सख्खी बहीण आहे, मला बाजूला ठेवा. ते म्हणाले, "तुमच्याइतकं कडक दुसरं कोण आहे? उलट तुम्हीच वाचा, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही." मला ते ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

ताई


११ फेब्रुवारी

भिंगरे,

वाचन झालं. तुझा आकडा कमी आला.

नुसता कमी नाही, तिघांमध्ये सगळ्यात कमी. दुसऱ्या दोघांचे जेवढे अपेक्षित होते तेवढे, आणि जावयाचा सगळ्यात जास्त, तुझ्या जवळजवळ दुप्पट. माझे आणि चष्मेवाल्यांचे आकडे ताडून पाहिले, तंतोतंत जुळले. चष्मेवाले म्हणाले, "बाई, अभिनंदन. बहीण प्रमुख होणार तुमची." मी म्हटलं, सही व्हायची आहे अजून. पण माझा जीव भांड्यात पडला होता, आणि तो पडल्याचा आवाज त्यांना ऐकू गेला असावा, कारण ते गालातल्या गालात हसत होते.

गेल्या खेपेला हाच आकडा माझ्या हातून उलटा निघाला होता. सौरवादळ झालं, तू तेव्हा स्थानकाच्या पातळ टोकाला अडकलीस, आणि तुझ्या खड्यांनी इतका उजेड टाकला की मला मशीन बिघडलं असं वाटलं. मशीन बिघडलेलं नव्हतं. मी जसा होता तसा आकडा लिहिला आणि तुझी पुढची पाळी दुसऱ्याला गेली. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारलंस, "तू माझी बहीण आहेस की मोजपट्टी?" तेव्हापासून तू घरी येतेस ती मी कामावर असताना. बाबा ताकास तूर लागू देत नाहीत, पण मला ओट्यावरच्या कपावरून कळतं. बाबा आपला कप धुऊन पालथा घालतात. तुझा तसाच पडलेला असतो, तळाशी चहा वाळलेला. मनात म्हणते, बघा, अंतराळात जाऊन आली पण कप विसळायला शिकली नाही.

तो आकडा बरोबर होता, आणि आज पुन्हा विचारशील तर पुन्हा तोच लिहीन. पण तो लिहिताना मला काय झालं ते तू कधी विचारलं नाहीस. असो.

एका बाबतीत तुझा बोऱ्या वाजला आहे. पाण्याच्या भिंतीआड बसून जावयाचा आकडा जास्त, म्हणजे भिंत कुचकामी. साहेब म्हणाले, पिशव्या जड आहेत, पुढच्या तुकडीला द्यायला नकोत. मला जरा वाईट वाटलं, तुझी कल्पना होती ती. पण तू वर राहणार म्हटल्यावर पिशव्यांचं काय घेऊन बसायचं?

घरी बाबांनी विचारलं, "राहते की येते?" मी मिठाची गुळणी धरली. ते म्हणाले, "राहते तर. तू जेवताना गुणगुणत होतीस." बाबा जन्मभर बसचे तिकीट तपासनीस होते. माणसाच्या चेहऱ्यावरून खिशात तिकीट आहे की नाही ओळखायचे. त्यांच्यापासून काही लपवायचं म्हणजे कठीण काम आहे.

ताई


१३ फेब्रुवारी

भिंगरे,

आज सही करायची होती. केली नाही.

सही करण्याआधी मी एकेका खिशाचे आकडे मांडून बघते. एकूण बेरीज सगळेच बघतात, खिसे कुणी बघत नाही. तुझ्या त्या दोन सोबत्यांचे चारही खिसे जवळजवळ सारखे आहेत, आणि तसंच असायला हवं. जिवंत माणूस वर तरंगतो, वळतो, उलटा होतो, कधी या भिंतीला पाठ करतो कधी त्या. सगळ्या अंगांनी सारखाच भाजून निघतो.

तुझ्या बंडीचे खिसे सारखे नाहीत. पाठीचा जास्त, छातीचा कमी, डावी कूस उजवीपेक्षा जास्त. म्हणजे ही बंडी घालणारा भिंतीला पाठ लावून, डावा खांदा एकाच कोपऱ्याकडे करून, दिवसच्या दिवस बसलेला आहे. जागचा हललेला नाही.

मी सगळे आकडे पुन्हा पहिल्यापासून ताडून पाहिले.

तुझ्या पायाला भिंगरी होती म्हणून तर हे नाव पडलं. आपल्या घरात तुझा एकही लहानपणचा फोटो धड नाही. आईच्या मांडीवर एक धुरकट काहीतरी आहे, ती तू. शाळेच्या फोटोत सगळ्या मुली ओळीत, आणि टोकाला रिकामी जागा, तिथून तू नुकतीच निघून गेलेली. ताप आला तरी पलंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लोळायचीस, मला तुझे पाय धरून बसायला लागायचं. आणि हे चार खडे मला सांगतात की तू महिनोन्महिने शहाण्या मुलीसारखी एका जागी बसली होतीस.

मग मी जावयाची बंडी बघितली. चारही खिसे सारखे. हात नाहीत, पाय नाहीत, खणात पट्ट्यांनी बांधलेला, आणि पठ्ठ्या स्थानकभर हिंडून आलाय.

चष्मेवाल्यांनी हाक मारली, चहाला चला म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे.

ज्या बंडीवर तुझा नंबर आहे ती जावयाने घातली होती. ज्या बंडीवर जावयाचा नंबर आहे ती तू. जास्तीचा आकडा तुझा आहे, आणि तो रेषेच्या वर आहे.

ताई


१५ फेब्रुवारी

भिंगरे,

आज मला तुझा राग आलाय, म्हणून पत्र लांबणार नाही.

या धंद्यात माझे केस पिकले. किरणं मोजणारा बिल्ला खणात ठेवून कामाला जाणारे लोक मी पाहिलेत. मर्यादा संपत आली की काम जाईल या भीतीने माणूस स्वतःच्या हाडांशी खोटं बोलतो. तुझ्यासमोर तर सगळ्या आयुष्याची इच्छा ठेवलेली होती आणि शेजारीच एक पुतळा बसलेला होता, ज्याला बंडी कुठली घातली याने काहीच फरक पडत नाही. बदलायला किती वेळ लागतो?

तू मुद्दाम केलंस का? मला तुला एवढंच विचारायचं आहे आणि नेमकं तेच विचारता येत नाही.

बाबांनी फ्रिजवर लावलेला फोटो आज पहिल्यांदा नीट पाहिला. तुम्ही वर पोचल्यानंतर काही दिवसांनी काढलेला, जावयाचा वाढदिवस. त्याला टोपी घातलीय, अंगात तुझा निळा शर्ट, त्याच्या आत बंडी दिसतेय. तू शेजारी तरंगतेस, अर्थात चेहरा धुरकट. म्हणजे त्या दिवशी थट्टेत तुमचे कपडे अदलाबदल झाले होते. शर्ट काढताना बंड्या एकमेकींच्या जागी गेल्या असतील. दोन्ही सारख्याच, नंबर मानेच्या आतल्या बाजूला, तो रोज कोण वाचतं? असं असेल तर सगळी नुसती गंमत होती आणि तू निर्दोष आहेस.

पण असं नसेल तर?

बाबा मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "काय शोधतेस?" मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, "मी तुझ्या मावशीला बसमध्ये दंड केला होता, आठवतंय? वर्षभर आली नाही घरी. आईने मला किती दिवस बिनमिठाचं वाढलं." मी विचारलं, "मग, पस्तावलात?" ते म्हणाले, "छे. पण मावशीने आयुष्यात परत कधी बिनतिकिटाचा प्रवास केला नाही. उलट दुसऱ्यांना हटकायची." आणि आत निघून गेले. त्यांना काय कळलंय आणि काय नाही ते देवाला माहीत.

ताई


१६ फेब्रुवारी

भिंगरे,

चष्मेवाल्यांना सगळं सांगितलं. सांगणं भागच होतं, दोघांच्या सह्या लागतात. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि आकडे दोनदा पाहिले.

मग म्हणाले, "बाई, बंडीवर नंबर आहे. ज्याचा नंबर, त्याचा आकडा. असा आपला नियम आहे. आपण नियमाबाहेर काही केलेलं नाही."

"नियम माहितीय मला."

"खिसे कुणी बघत नाही. तुम्ही बघितले नसते तर आपण तेरा तारखेलाच सही केली असती आणि आज तुम्ही मिठाई वाटत असतात."

"पण बघितले ना."

"मला एवढंच म्हणायचंय," ते हळू आवाजात म्हणाले, "एकदा तुम्ही तिची पाळी घालवलीत. दुसऱ्यांदाही तुमच्याच हातून जायला हवी का? जावई खाली येईल तेव्हा त्याच्या पोटातले खडे आपण वाचूच. तेव्हा काय ते कळेल. तोवर राहू दे की तिला वर."

माणूस चांगला आहे, माझ्या भल्याचंच बोलत होता. आणि मला मोह झाला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. जावई खाली यायला अजून सात महिने. सात महिने तू प्रमुख असतीस. हे लोकांना सांगायला बाबांनी केशकर्तनालयात जाऊन निदान सत्तर वेळा तरी दाढी करून घेतली असती.

पण त्या सात महिन्यांत तू आणखी किती सोसलं असतंस? आणि ते दोघं? आणि पुढची तुकडी, जिला पाण्याच्या पिशव्या द्यायच्या नाहीत असं साहेबांनी ठरवूनच टाकलंय? कारण बंड्या जागच्या जागी लावल्या तर गोष्ट साफ उलटी होते. पाण्याआड बसलेल्या जावयाचा खरा आकडा तुझ्या निम्म्याच्या आसपास आहे. तुझी भिंत चालते, भिंगरे. फार छान चालते. मी ही नोकरी धरल्यापासून इतका मोठा फरक कशानेच पडलेला पाहिला नाही. तू त्या भिंतीमागे झोपली असतीस तर आज हा प्रश्नच आला नसता, पण मग ती चालते हे कुणाला कळलं नसतं.

तुझा आकडा हरला आणि तुझी भिंत जिंकली. दोन्ही एकाच कागदावर आहेत. एक लपवला तर दुसराही लपतो.

मी चष्मेवाल्यांना म्हटलं, "मी लिहिते. तुम्हाला पटत नसेल तर तुम्ही वेगळं लिहा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वेगळं काय लिहू? खिसे माझेही तेच सांगतायत." आणि माझ्या आधी सही केली.

मी त्यांच्या खाली केली. मुद्दाम की चुकून, याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. खड्यांना तेवढं कळत नाही, आणि जे खड्यांना कळत नाही ते मी लिहीत नाही.

ताई


१८ फेब्रुवारी

माझी भिंगरी,

सही झाली, आता मला तुझ्याशी बोलायला हरकत नाही. तरी पत्रच लिहिते, कारण आत्ता फोनवर माझा आवाज नीट निघणार नाही.

काल दुपारी अहवाल घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. तुमच्या तुकडीच्या तब्येतीचं सगळं त्यांच्याकडे. त्यांनी शेवटचं पान आधी वाचलं, मग पहिलं, मग पुन्हा शेवटचं. मी तयार होते. त्या विचारतील, तुमच्या बहिणीने हे मुद्दाम केलं असं म्हणायचंय का, आणि मी म्हणेन, मला माहीत नाही.

त्या उठल्या, दार लोटलं आणि म्हणाल्या, "बसा. तुम्हाला काही ऐकवायचंय. मला सही होईपर्यंत थांबायला सांगितलं होतं."

आणि त्यांनी तुझा आवाज लावला. मालवाहू कॅप्सूल वरून सुटलं त्याच दिवशीचं तुमचं बोलणं. पाच वर्षांत मी तुझा आवाज फक्त बातम्यांत ऐकला होता. तिथे तू गोड बोलतेस. इथे तू आपल्या घरातल्यासारखी बोलत होतीस.

"डॉक्टर, एक घोळ झालाय. माझी आणि जावयाची बंडी बदलली गेलीय."

"कधी?"

"त्याच्या वाढदिवसाला. म्हणजे जवळजवळ पहिल्यापासूनच. आज नव्या बंड्या घातल्या, कॅप्सूल गेलं, आणि मग मी तो फोटो बघत बसले होते. त्याच्या अंगातल्या बंडीच्या गळ्याशी शाईचा डाग आहे. तो माझ्या पेनाचा आहे, आणि नंतर आम्ही बंड्या परत बदलल्याच नाहीत."

"म्हणजे तुझ्या नंबरवर जो आकडा येईल तो त्याचा."

"हो. जो जास्त येईल तो माझा. मी बाहेरच्या भिंतीला झोपते ना."

"तुला याचा अर्थ कळतोय?"

मागे कसला तरी पंखा घरघरत होता.

"कळतोय. म्हणून तर आत्ता सांगतेय. उद्यावर टाकलं तर सांगवेल की नाही, मला खात्री नाही."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं. मी वाचनकक्षाला कळवते."

"नको," तू म्हणालीस. "त्यांना नका सांगू. तिथे माझी ताई आहे. तिला आधी सांगितलं तर उद्या कुणीही म्हणेल, दोघी बहिणींनी मिळून आकडे फिरवले. तिचं तिला कळू दे. मग कुणाला बोट ठेवायला जागा नाही. माझ्या आकड्यावर पण नाही आणि भिंतीवर पण नाही."

"आणि तिला नाही कळलं तर? बंड्यांवर नंबर आहेत. ती तशीच सही करेल."

तू हसलीस. तेच ते फिस्कन हसणं.

"ताईला? डॉक्टर, मी घरी येऊन गेले की कप न धुता ठेवते. पाच वर्षं ठेवतेय. तिला कळावं म्हणून. बाबा म्हणतात, रोज कामावरून आली की आधी ओट्यावर बघते. तिला कळेल. आमच्या घरातली मोजपट्टी सरळ आहे."

तिथे ते संपलं.

डॉक्टरीणबाईंनी मला पाणी दिलं. मी त्यांना विचारलं, हे पुन्हा एकदा लावता का? त्यांनी लावलं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघींनी एकमेकींना न विचारता एकच गोष्ट लिहिलीत. आता या आकड्याला जगात कुणी हात लावू शकत नाही."

मी पंधरा तारखेचं पत्र फाडणार होते. मग ठरवलं, राहू दे. तू मला मोजपट्टी म्हणालीस, मी तुला लबाड म्हटलं. फिट्टंफाट. तुझं मागे घेतलंस तसं मी माझं मागे घेते.

भिंगरे, मला तुझा इतका अभिमान वाटला की मी रस्त्याने चालत घरी आले. बसमध्ये बसवलं नसतं मला. तू स्थानकाची प्रमुख झाली असतीस तर मी लोकांना सांगितलं असतं, मान ताठ करून. पण उद्यावर टाकलं तर सांगवणार नाही, म्हणून जी आज सांगते, त्या बहिणीबद्दल लोकांना कसं सांगायचं तेच मला कळत नाही. बाबांना सांगितलं. ते ऐकत राहिले, डोळे पुसले, आणि म्हणाले, "दोन्ही मुली तपासनीस निघाल्या." मग संध्याकाळी गच्चीवर गेले. स्थानक वरून जाताना दिसणार होतं. रोज हात हलवतात, काल सलाम केला.

ताई


६ मार्च

भिंगरे,

उद्या तू खाली येतेस. ही सगळी पत्रं डॉक्टरीणबाईंकडे देऊन ठेवतेय, त्या तुझ्या उशाशी ठेवतील. तारखेप्रमाणे वाच, उगाच शेवटून सुरुवात करू नकोस, तुझी ती पण खोड आहे.

बातम्या थोडक्यात. साहेबांनी आपला हुकूम मागे घेतला. पुढच्या तुकडीच्या प्रत्येक झोपायच्या खणाला पाण्याची भिंत लागणार आहे. कागदोपत्री तिला काहीतरी लांबलचक नाव दिलंय, पण वाचनकक्षात सगळे तिला जावयाची खोली म्हणतात. जावई वरच राहणार, त्याला काय, तो बसून आहे. तुझ्या त्या दोघांनी त्याच्या बंडीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहून टाकलंय. आणि चष्मेवाल्यांना त्यांचा तिसरा चष्मा सापडला. माझ्या खणात, तुला लिहिलेल्या पत्रांखाली होता.

तू आता परत जाणार नाहीस. हे मी गोड करून लिहिणार नाही, तुलाही ते आवडणार नाही. रडायचं असेल तर रड. पहिले काही दिवस चक्कर येईल, पाय लटपटतील, डॉक्टर सांगतील पडून राहा. तेवढं तरी जावयाकडून शिकली असशील अशी आशा आहे, पण मला काही खात्री नाही.

तुझी शेवटची बंडी मी स्वतः वाचणार आहे. चारही खिसे सारखे आले पाहिजेत. एक जरी कमी-जास्त आला तरी मला कळेल, हे तुला आता वेगळं सांगायला नको.

अनेक आशीर्वाद. मनापासून.

चालायला लागलीस की घरी ये. चहा घे, आणि कप धुऊ नकोस, तसाच ओट्यावर ठेव. फक्त या वेळी मी घरात असताना ठेव.

तुझी ताई